पानांचे शत्रू आणि त्यांची ओळख

आषाढाच्या आरंभी आर्द्रा नक्षत्राचा पहिला दमदार पाऊस झाशीच्या परिसरात पडून गेला, म्हणजे त्या दिवशी सायंकाळी बांधावरच्या एखाद्या कडुनिंबाखाली थोडा वेळ उभे राहून पाहावे. दिवस मावळतो, पाखरे घरट्यांत स्थिरावतात आणि मग भिजलेल्या मातीतून तपकिरी रंगाचे भुंगेरे एकामागून एक वर येऊ लागतात. पंखांचा घरघर आवाज करीत ते जवळच्या निंबाकडे, बाभळीकडे, बोरीकडे झेपावतात. रात्रभर त्यांचे भोजन चालते आणि पहाट होण्यापूर्वी ते पुनः जमिनीत शिरतात. सकाळी शेतकरी बांधावर येतो, तेव्हा डहाळ्यांवर पानांऐवजी शिरा तेवढ्या उरलेल्या असतात. गुन्हेगार मात्र कोठेच दिसत नाही.

निंब हा कडू. त्याला कोण खाणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. म्हणून पाने गेली याचा दोष कधी शेळ्यांना दिला जातो, कधी वाऱ्याला, तर कधी एखाद्या अज्ञात रोगाला. झाडाला नवी पालवी फुटते आणि ती गोष्ट विसरली जाते. पुढे दोन-अडीच महिन्यांनी त्याच शेतातील भुईमूग ठिकठिकाणी पिवळा पडून सुकू लागतो. रोप ओढले तर ते अलगद हातात येते, कारण त्याला मूळ असे उरलेलेच नसते. माती उकरली असता इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वाकलेली, पांढुरकी, जाड अळी सापडते. आषाढात निंब खाणारा भुंगेरा आणि भाद्रपदात भुईमूग खाणारी ही अळी या दोन्ही एकाच कीटकाच्या अवस्था होत. महाराष्ट्रातील शेतकरी तिला हुमणी म्हणतात. झाशी हा उत्तर प्रदेशातील भुईमुगाच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक असल्यामुळे निंबाच्या पानावरील दातांची खूण वेळीच ओळखता येणे, हा तेथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही; वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

झाशीची भूमी आणि तिचे वृक्ष

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंची नगरी म्हणून. परंतु झाशीला आणखीही एक ओळख आहे. बुंदेलखंडाच्या या भागात जमीन बहुतांशी तांबडी व उथळ, उन्हाळा कडक आणि पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी नुसत्या पिकावर विसंबून राहणाऱ्या शेतकऱ्याला झाडांचा मोठाच आधार असतो. बांधावरचा निंब, बाभूळ व शिसव, माळावरचा पळस (बुंदेलखंडी लोक त्याला छेवला म्हणतात), अंगणातील लिंबू, बागेतील आवळा व बोर, दक्षिणेकडील टेकड्यांवर साग, असा हा परिवार आहे. सरपण, चारा, लाकूड, फळ व सावली ही सर्व त्यांच्यापासून मिळतात.

म्हणूनच गवत व चारा यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९६२ साली झाशी येथे स्थापन झाली आणि १९८८ साली कृषिवानिकीचे, म्हणजे पिकांच्या जोडीने झाडे वाढविण्याच्या शास्त्राचे, राष्ट्रीय संशोधन केंद्रही तेथेच उभारण्यात आले. २०१४ मध्ये या केंद्राला केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था असे नाव मिळाले. पीक आणि झाड एकत्र नांदू लागले, म्हणजे त्यांचे शत्रूही एकत्र नांदू लागतात, याचे हुमणी हे उत्तम उदाहरण होय.

पान हाच पुरावा

पाने खाणारे कीटक पुष्कळदा डोळ्यांसमोर नसतात. काही रात्री येतात, काही पानाच्या पोटात दडतात, काही इतके सूक्ष्म असतात की साध्या दृष्टीला दिसू नयेत. परंतु प्रत्येकाची खाण्याची तऱ्हा निराळी असते आणि ती तऱ्हा पानावर उमटलेली राहते. वाघ न पाहताही पावलांच्या ठशांवरून शिकारी त्याची जात, वय व वाट सांगतो. तद्वत् अभ्यासू डोळा पानावरून कीटकाचा माग काढू शकतो.

या विद्येचे पहिले सूत्र तोंडाच्या रचनेत आहे. कीटकांच्या तोंडाच्या रचना अनेक प्रकारच्या असल्या, तरी पानांच्या शत्रूंपुरते पाहता त्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात. एका वर्गाला चावण्याचे जबडे असतात: अळ्या, भुंगेरे, टोळ हे त्यातले. हे पानाचा तुकडा तोडून गिळतात. त्यामुळे पानाचा काही भाग नाहीसा झालेला असतो. दुसऱ्या वर्गाला सुईसारखी सोंड असते: मावा, तुडतुडे, खवले कीड, पिठ्या ढेकूण हे त्यातले. हे पानात सोंड खुपसून रस ओढतात. यांच्या उपद्रवाने पान जागच्या जागीच राहते. मात्र ते पिवळे पडते, मुडपते, आकसते किंवा चिकट होते. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: पानाचा काही भाग गेला आहे की पान शाबूत राहून विरूप झाले आहे? एवढ्या एका प्रश्नाने निम्मे संशयित बाजूला होतात.

कुरतडणारे व जाळी करणारे

पानाचा भाग गेला असेल, तर तो कसा गेला हे पाहावे. याचे शिक्षण घेण्यास साग हे झाड फार सोयीचे, कारण त्याचे पान मोठे असून त्यावरील लिखाण स्पष्ट वाचता येते. सागाचे दोन शत्रू प्रसिद्ध आहेत. हायब्लिया प्यूरा या पतंगाची अळी कोवळ्या पानाचा बहुतेक सर्व भाग फस्त करून फक्त जाड शिरा मागे ठेवते. युटेक्टोना मॅकेरॅलिस या दुसऱ्या पतंगाची अळी शिरांच्या मधला हिरवा गर तेवढा खाते आणि बारीकसारीक शिरांची जाळी तशीच सोडते. असे पान उजेडासमोर धरले तर ते जुन्या झिरझिरीत वस्त्रासारखे दिसते. पहिली नव्या पालवीच्या वेळी येते. दुसरी बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, पाने जून झाल्यावर.

लांबून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी सागाचे वन सारखेच करपलेले दिसते. परंतु नुकसान सारखे नसते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या साग-लागवडीत केलेल्या आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हायब्लियाच्या उपद्रवामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ बुडते. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. कारण उघड आहे. पालवी म्हणजे झाडाच्या वर्षभराच्या मिळकतीचे साधन. ते आरंभीच हिरावले गेले तर तोटा मोठा. गळण्याच्या बेतात आलेले पान गेले तर झाडाची हानी थोडी. ज्याला या दोन अळ्यांतील फरक कळत नाही, तो एक तर नको तेथे खर्च करील, नाही तर हवा तेथे हात आखडील.

आंब्याखाली कधी कधी कोवळ्या पानांचा सडा पडलेला दिसतो. प्रत्येक पान देठाकडील थोडा भाग फांदीवर ठेवून कात्रीने कापल्यासारखे सरळ छाटलेले असते. हे काम एका लहानशा सोंडकिड्याचे असते. मादी कोवळ्या पानात अंडी घालते आणि मग ते पान कापून खाली पाडते; अळ्या त्या पडलेल्या पानात वाढून नंतर जमिनीत शिरतात. येथे ओळख पटली की उपायही आपोआप सुचतो: खाली पडलेली पाने रोजच्या रोज गोळा करून जाळावी. कोणत्याही औषधाशिवाय पुढची पिढी आटोक्यात येते.

लिंबाच्या व बेलाच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा पांढरट-काळपट ठिपका दिसतो. तो हलला तर समजावे की ती पॅपिलिओ डेमोलिअस या सुंदर फुलपाखराची लहान अळी आहे. पक्ष्यांना फसविण्यासाठी निसर्गाने तिला हे सोंग दिले आहे. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिला डिवचले असता डोक्यामागून दुशिंगी नारिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. चारसहा अळ्या लिंबाचे लहान रोप निष्पर्ण करू शकतात. पण अंगणातल्या एकदोन झाडांवरील अळ्या हाताने वेचून काढणे मुळीच अवघड नाही.

भुयारे, गाठी आणि चिकटा

त्याच लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघ दिसली, तर ती नागअळीची. फिलोक्निस्टिस सिट्रेला नावाच्या इवल्याशा पतंगाची ही अळी पानाच्या वरच्या पातळ पापुद्र्याखाली भुयार खणीत पुढे सरकते. भुयार सुरुवातीला अरुंद व पुढे रुंद होत जाते, कारण खाणारी स्वतः वाढत असते. डाग बुरशीचा की अळीचा, असा संशय आल्यास पान उन्हासमोर धरावे. भुयार असेल तर त्यात विष्ठेची बारीक काळसर रेघ दिसते. बुरशीच्या डागात ती कधीही नसते.

करंजाच्या पानांवर पुष्कळदा बोटांसारखे उंचवटे आलेले दिसतात. एखादा उंचवटा चिरून भिंगाखाली पाहिला, तर आत दिसणारे जीव कीटकांच्या व्याख्येत बसत नाहीत. कीटकाला सहा पाय असावे लागतात. या सूक्ष्म कोळ्यांना फक्त चारच असतात. म्हणजे झाडाच्या प्रत्येक शत्रूला कीटक म्हणणे बरोबर नाही. हा भेद केवळ नावापुरता नाही. कीटकांवर चालणारी कित्येक औषधे कोळ्यांवर निष्प्रभ ठरतात आणि कोळ्यांना खाणारे उपयुक्त जीव मात्र त्यांनी मरतात.

रस शोषणाऱ्यांची ओळख चिकट्यावरून पटते. मावा व त्याचे भाईबंद रस जास्त पितात आणि त्यातील जादा साखर पाण्यासारखी बाहेर टाकतात. त्यामुळे खालची पाने चकाकतात, त्यांवर काळी बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. खोडावरून मुंग्या वर चढताना दिसल्या की पानाच्या खालच्या बाजूकडे लक्ष द्यावे.

या वर्गातील एका कीटकाची कथा सांगण्यासारखी आहे. चाऱ्यासाठी व सरपणासाठी सुबाभूळ देशात सर्वत्र लावली गेली. तिच्या शेंड्यांवर राहणारा हेटेरोसायला क्युबाना हा दीड-दोन मिलिमीटर लांबीचा कीटक मूळचा उष्ण अमेरिकेचा. तो १९८४ साली हवाई बेटांवर आढळला, पाठोपाठ फिलिपीन्स व इंडोनेशियात पोहोचला आणि १९८८ साली दक्षिण भारतात दिसला. सुबाभळीचे कोवळे शेंडे आकसून वाळू लागले. परंतु कीटकाची नेमकी ओळख पटलेली असल्यामुळे त्याचे मूळ गाव माहीत होते आणि मूळ गावी त्याचे शत्रू कोण, हेही माहीत होते. क्युरिनस सेरुलियस हा निळसर ढालकिडा त्याच वर्षी थायलंडमार्गे भारतात आणण्यात आला. नाव कळणे ही किल्ली हाती येण्यासारखी गोष्ट कशी असते, हे यावरून ध्यानात येईल.

खोटे आरोपी

पानावर खूण दिसली की समोर सापडेल त्या कीटकाला मारावयाचे, ही सवय घातक आहे. गुलाबाच्या पानाच्या कडेला नाण्याच्या आकाराची रेखीव गोल कापणी दिसते. ती करणारी पानकाप्या मधमाशी पान खात नाही. तो तुकडा ती घरट्यात अस्तरासाठी नेते आणि येता-जाता फुलांचे परागीकरण करते. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट व काहीशी भेसूर दिसते. मावा पसरलेल्या शेंड्यावर तीच आढळते, म्हणून पुष्कळ जण तिलाच दोषी ठरवून चिरडतात. वस्तुतः ती मावा खात असते. पहारेकऱ्यालाच चोर समजून मारण्याचा हा प्रकार होय.

अर्जुनाच्या झाडावर मोठी, हिरवीगार अळी पाने भराभर खाताना आढळते. तिला कीड म्हणावे तर भंडारा-गडचिरोलीकडील टसर उत्पादकांची ती उपजीविका आहे. पळसाच्या व बोरीच्या फांदीवर बसलेला लाखेचा किडाही झाडाचाच रस पितो. पण त्यापासून मिळणाऱ्या लाखेवर अनेक कुटुंबे पोट भरतात. ‘कीड’ हा शब्द शास्त्राने निर्माण केलेला नसून माणसाच्या हिशेबाने निर्माण केला आहे, हे येथे स्पष्ट होते.

काही वेळा आरोपी कोणीच नसतो. बुंदेलखंडातील वैशाखाच्या झळांनी पानांच्या कडा करपतात. जमिनीत जस्त कमी पडले तर लिंबाची पाने शिरांच्या मध्ये पिवळी होतात. अशा झाडाच्या सर्व बाजूंना, सारख्याच वयाच्या पानांवर, सारखीच लक्षणे दिसतात. कीटक बहुधा इतका समदृष्टी नसतो. त्याचे काम ठिगळांसारखे, येथे अधिक तेथे उणे असे असते.

टोळ आणि निंब

एक शत्रू मात्र ओळखण्यासाठी भिंग लागत नाही. २०२० च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून झाशीच्या परिसरात आले. जिल्हा प्रशासनाने अग्निशमन दलाला रसायने घेऊन सज्ज राहण्यास सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस टोळ अमरावती व नागपूरकडेही पोहोचले. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात आठ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि एवढा थवा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांइतके अन्न खातो. १९३९ साली स्थापन झालेली टोळ-इशारा संघटना अशा धाडींवर लक्ष ठेवते.

टोळांच्या बाबतीत निंबाची कीर्ती खरी ठरते. थवा उतरला तरी निंबाची पाने ते सहसा खात नाहीत. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून ती टोळांपासून वाचविता येतात असे दाखविले. पुढे या गुणाचे मुख्य कारण असलेल्या ॲझाडिरॅक्टिन या द्रव्याचा सखोल अभ्यास झाला. मात्र ज्या पानाला टोळ तोंड लावीत नाही, तेच पान हुमणीचा भुंगेरा आवडीने खातो. यावरून ‘अमुक झाडाला कीड लागत नाही’ असे सरसकट विधान करण्यातील धोका दिसून येतो.

पाहण्याची रीत

या परीक्षेसाठी लागणारे साहित्य थोडेच असते: दहापट मोठे दाखविणारे भिंग, पांढरे कापड, एक दोन झाकणाच्या बाटल्या आणि विजेरी. पान प्रथम झाडावरच पाहावे. ते कोवळे की जून, शेंड्याकडचे की बुंध्याकडचे, हे ध्यानात घ्यावे. मग ते उलटावे. निम्मे जीव खालच्या बाजूस असतात. फांदीखाली कापड धरून काठीने हलका ठोका द्यावा, म्हणजे दडलेले कीटक त्यावर पडतात. दिवसा काही न सापडल्यास रात्री विजेरी घेऊन यावे. अळी सापडली व नाव कळेना, तर ती त्याच झाडाच्या ताज्या पानांसह जाळीचे झाकण असलेल्या बाटलीत ठेवून वाढवावी. कोशातून बाहेर पडणारा पतंग किंवा फुलपाखरू ओळखणे तज्ज्ञाला सोपे जाते. कित्येकदा अळीतून पतंगाऐवजी बारीकशी गांधीलमाशी बाहेर पडते. तेव्हा समजावे की निसर्गाने आपला उपाय आधीच योजिला आहे.

भारतात या विद्येचा पाया बराच जुना आहे. डेहराडून येथे १९०६ साली वन संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेथील बीसन यांचा भारतातील वनकीटकांवरील बृहद्ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. परंतु ग्रंथ कितीही मोठा असला तरी आपल्या बांधावरचे पान ज्याचे त्यानेच उलटून पाहावे लागते.

पुनः त्या निंबाखाली

आरंभी पाहिलेल्या निंबाकडे आता वळू. पानांवरील दातांची खूण आणि रात्रीचा पहारा यांवरून भुंगेऱ्याची ओळख पटली, तर शेतकऱ्याला पुढील सर्व वेळापत्रक कळते. बुंदेलखंड व राजस्थानच्या बाजूला होलोट्रिकिया कन्सँग्विनिया आणि महाराष्ट्रात बहुधा होलोट्रिकिया सेराटा ही जात आढळते. पहिल्या पावसानंतर भुंगेरे झाडावर एकत्र येतात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि मग मादी जमिनीत अंडी घालते. वर्षात त्यांची एकच पिढी होते. अळी जमिनीत गेली की तिला शोधणे म्हणजे धान्याच्या राशीत खडा शोधणे. पण त्या मोजक्या रात्री सर्व शत्रू आपण होऊन एका झाडावर जमलेले असतात.

म्हणून निंब तोडणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास भुंगेरे शेजारच्या झाडावर जातील एवढेच. निंब हा सापळा समजावा. रात्री आकडीच्या काठीने फांद्या हलवाव्या, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावे. भुंगेऱ्यांना एकत्र बोलावणारे मेथॉक्सिबेंझिन हे गंधद्रव्यही आता ज्ञात आहे. ते निवडक झाडांवर ठेवून त्यांना तेथेच गोळा करता येते. मात्र हे काम एकट्याने करून भागत नाही. एकाने भुंगेरे वेचले आणि शेजाऱ्याने वेचले नाहीत, तर अंडी दोघांच्याही शेतात पडतात. पहिल्या पावसानंतरच्या तीनचार रात्री साऱ्या गावाने मिळून साधल्या, तर भाद्रपदातला बराचसा भुईमूग वाचतो. त्या रात्री कोणत्या, हे गावाला पंचांगापेक्षा निंबाचे कुरतडलेले पान अधिक बिनचूक सांगते.